पट्टा पडेस्तोवर

भिंगार,
दि. १२ नोव्हेंबर २०२५

ती. आप्पांच्या पायांशी नात स्नेहलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे मावशीकडे सगळं ठीक आहे. काकांची डेपोतली ड्युटी सकाळची झाल्यामुळे पहाटेपासून घरात भांडी वाजतात आणि माझी झोप जाते. फोनवर मी घसा फोडून बोलते आणि तुम्ही नुसतं हूं हूं करता, म्हणून पुन्हा पत्राकडे वळले. कानाचं मशीन आणून दिलंय ते पेटीत ठेवून काय त्याची पूजा करताय?

एक काम आहे. भूगोलाच्या मॅडमनी आम्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकेका गावाचा अभ्यास करायला सांगितलाय. गावात माणसं कोणत्या वयाची, कोण बाहेर जातं, कोण मागे राहतं आणि या जाण्या-येण्याभोवती चालीरीती कोणत्या, असं सगळं. म्हणजे लोकसंख्या, स्थलांतर आणि संस्कृती. मी आपलंच गाव घेतलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला उठतं, याहून चांगलं स्थलांतर कुठे मिळणार? तुमचे चिरंजीव आदिनाथराव, म्हणजे आमचे दादा, आणि माझी आई या वर्षी राहुरीकडेच आहेत, तेव्हा मी तिकडेही जाऊन येईन. गावाकडचं मात्र तुम्हीच लिहा, आणि मोकळेपणानं लिहा.

आजी बरी आहे ना? निघताना ती ओसरीवरून उठली नाही, तेवढं डोक्यात राहिलंय. तिला नमस्कार सांगा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
स्नेहल

बोरखडक, ता. पाथर्डी
२१ नोव्हेंबर

चि. स्नेहलीस आप्पाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र पावलं. तुझ्या मॅडमला म्हनावं, गाव बघायचं तर आत्ताच या. घरं मोजायची लई सोय हाय, मानसं आडवी येत न्हाईत. आमच्या आळीत आमी म्हातारे, शाळंतली बारकी पोरं आन शेरडं. बाकी समद्या दाराला कुलपं. किल्ल्या आपल्या खुंटीवर टांगल्यात, रातीचं वारं सुटलं की वाजत्यात. तुझी आजी म्हनती तुमाला ऐकू येत न्हाई ते बरंय.

चालीरीत इचारलीस म्हनून सांगतो. टोळीचा ट्रॅक्टर हलला की मागं ऱ्हानारानं हाक मारायची न्हाई, हे तुला म्हाईतच हाय. दुसरी गोष्ट तुमा पोरांना कुनी सांगितली नसंल. पट्टा पडेस्तोवर, म्हंजी कारखाना बंद हुईस्तोवर, गावातली वाईट बातमी फडावर जात न्हाई. कोन अंथरुनाला खिळलं, कोन गेलं, ते हितंच ऱ्हातं. मागं ऱ्हायलेल्यांनीच उचलायचं आन दहावं-तेरावं उरकायचं. मंग टोळ्या माघारी आल्या की ज्याच्या घरात घडलंय त्याला वेशीत मारुतीपुढं बसवायचं, पान्याचा तांब्या द्यायचा आन सांगायचं. म्हनून टोळी उतरली की समद्यांची नजर तांब्या कुनाकडं चाललाय हिकडं असती.

यात चूक काय न्हाई. नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. नवरा उठून आला तर बायको परमुलखात एकली, आन मुकादम काय अर्धा कोयता ठिवून घेत न्हाई.

तुझ्या आजीला दिवाळीपासून अन्न जात न्हाई. पाय सुजल्यात. आदिनाथच्या कानावर घालायचं न्हाई असं तिनंच बजावलंय, आन ते तुलाबी लागू हाय.

आमचा जीव तुझ्यात हाय, एवढं ध्यानात ठिव.

आप्पा

भिंगार,
दि. २ डिसेंबर

ती. आप्पांना स्नेहलचा सा. नमस्कार. वि. वि.

तुमच्या पत्रानं मी वर्गात भाव खाल्ला बघा. वेशीतल्या तांब्याची चाल मी वाचून दाखवली. मॅडम म्हणाल्या की गावानं दुःखाचीसुद्धा व्यवस्था लावलीय, ही खरी संस्कृती, वार्षिक अंकात छापू. मग मी आपल्या गावाचा लोकसंख्येचा मनोरा काढला. हिवाळ्यातला मनोरा वर जड, खाली जड आणि मधे कंबरच नाही, असा दिसतो. पुस्तकात तुम्हा लोकांना अवलंबित म्हणतात. चिडू नका, मी नाही म्हटलं.

रविवारी राहुरीला जाऊन आले. उसाच्या फडाच्या कडेला ओळीनं पाचटाच्या कोप्या आहेत आणि सगळी आपलीच आळी तिथे उतरल्यासारखी वाटते. आई भाकरी थापता थापता बसल्या जागी पेंगत होती. शेजारच्या रतनबाईंचा ओम आणि त्याची बायको तुमची आठवण काढत होते. दादांनी पाण्याची कळशी खाली ठेवायच्या आधीच मला विचारलं की आजी कशी आहे. मी बरी आहे म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. जन्मात दादांशी खोटं बोलले नव्हते मी आप्पा.

आजीला नगरला घेऊन या ना. मी इथे सगळं बघते. काका रजा काढायला तयार आहेत. हट्ट धरा थोडा, तुम्हाला तो जमतो.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
स्नेहल

बोरखडक,
१६ डिसेंबर

चि. स्नेहलीस आशीर्वाद.

रतनबाई गेली. सकाळी दारात शेन टाकता टाकता पडली ती उठलीच न्हाई. मी, आळीतला मच्छिंद्र आन आनखी दोघं असं चार म्हाताऱ्यांनी खांदा दिला. मच्छिंद्राची कंबर गेलेली, माझा गुडघा. वढ्यापाशी तिरडी खाली ठिवावी लागली. आमी तिथं धापा टाकत बसलो आन रतनबाई मधी. ही कसली यळ रे देवा असं मच्छिंद्र म्हनला आन रडायला लागला. शेजारच्या बनुबाईनं पदर खोचला आन तिनं खांदा घातला, तवा आमी मसनवाट गाठली. अग्नी मच्छिंद्रानं दिला, कारन लेक तर तिकडं फडात. हे ओमला कळता कामा नये. तू तिकडं जातीस म्हनून मुद्दाम लिवतोय.

आजीला परवा पाथर्डीच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं नगरला न्या म्हनून सांगितलं, वशिलाबी लावतो म्हनला. ती न्हाई म्हनती. मरायचं तर आपल्या छपराखाली म्हनती, आन लगेच म्हनती मरती कशाला, पट्टा पडला की आदिनाथ येईल, मंग जाऊ नगरला. तेवढ्या आशेवर रोज थोडी पेज घेती.

थंडी हाय, सांभाळून ऱ्हा. आमचं ध्यान तुझ्याकडंच असतंय.

आप्पा

भिंगार,
दि. ३० डिसेंबर

ती. आप्पांना नमस्कार. वि. वि.

आज मी रागावून लिहितेय, मोठ्या मनानं घ्या.

परवा फडावर गेले होते. ओम धावत माझ्याकडे आला. राहुरीच्या बाजारातून त्यानं आईसाठी हिरवं लुगडं घेतलंय. म्हणाला की ताई, तुमचं गावाकडे जाणं होईल तेव्हा एवढं आईला द्या, संक्रांतीला नेसू दे. मी ते घेतलं. आप्पा, मी ते हात पुढे करून घेतलं आणि वर हसले! त्याची बायको म्हणाली की सासूबाईंना हिरवा लई शोभतो. लुगडं आता माझ्या खोलीत कपाटावर आहे आणि मला त्या खोलीत बसवत नाही.

ज्याची मी वर्गात वाहवा करून घेतली ते हे आहे होय? ओमची आई जाऊन दोन आठवडे झाले आणि तो तिच्यासाठी रंग निवडतोय. मॅडमना मी सांगितलं की अंकात छापू नका. त्यांनी कारण विचारलं, मी वही उचलून निघून आले.

राहुरी काही परदेशात नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला आपल्या ओट्यावर असतो. दादांना कळू दे. आजीला तिच्या मुलाची भेट होऊ दे. तेवढी परवानगी द्या, मी तुमच्या पाया पडते.

तुमचीच,
स्नेहल

बोरखडक,
८ जानेवारी २०२६

चि. स्नेहलीस आशीर्वाद.

परवानगी न्हाई.

राग आला तर येऊ दे. एका घराला सांगितलं की दुसरं घर इचारनार, माझ्याकडचं काय लपवलंय? मंग समदी टोळी कोयते टाकून उठनार. आमी हितं म्हातारी मानसं गप बसतो ती काय दगड हाय म्हनून न्हाई. आमच्या गप बसन्यावर ती तिकडं झोपत्यात.

आजी आता कुशीवर वळत न्हाई. बनुबाई येऊन तिचं समदं करती. मी आता रातीचं मशीन कानात घालून ऱ्हातो. पहाटं ती झोपेत आदिनाथला हाका मारती, जागी झाली की इचारती मी काय बोलले का? मी न्हाई म्हनतो. तुला लिवतोय कारन मला दुसऱ्या कुनाला सांगता येत न्हाई. मला लई भ्या वाटतंय पोरी.

आप्पा

भिंगार,
दि. १९ जानेवारी

ती. आप्पांना स्नेहलचा नमस्कार.

मी तुमचं ऐकलं नाही. काल दादांना सांगितलं.

ते कोपीपुढे कोयत्याला धार लावत होते. मी बोलत होते तोवर त्यांचा हात थांबला नाही. मग म्हणाले की निघताना मी तिचे पाय बघितले होते, मला तवाच कळलं होतं. तू दर खेपेला ती बरी आहे म्हणायचीस, त्या बोलण्यावर मी दुसऱ्या दिवशी उठून फडात जात होतो. आता कशावर जाऊ? मला वाटलं होतं ते माझ्यावर चिडतील किंवा मला जवळ घेतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. आई कोपीच्या आत होती, तिनं सगळं ऐकलं आणि गुपचूप त्यांचे कपडे पिशवीत भरले.

ओमला त्यांनी रानाची मोजणी आलीय असं सांगितलं. त्यानं विश्वास ठेवला. वर म्हणाला की जाताय तर आईला बघून या. दादा बरं म्हणाले. आई आता ओमच्या बायकोजवळ झोपेल.

दादा आज रात्री पोचतील. माझा शनिवारी शेवटचा पेपर आहे, तो झाला की मी येतेच. मी बरोबर केलं ना आप्पा? आजीला किती बरं वाटेल! तिला म्हणावं, नगरला जायची तयारी करून ठेव.

तुमच्या मायेची,
स्नेहल

बोरखडक,
२१ जानेवारी

चि. स्नेहलीस,

आदिनाथ सोमवारी दिवस बुडता बुडता आला. वेशीतून येताना त्याला समद्यांनी बघितलं. हंगामात फडावरून मानूस माघारी आलेलं आमी जन्मात बघितलं न्हाई. म्हाताऱ्या एकेक करून आपल्या दारात येऊन हुब्या ऱ्हायल्या. बनुबाई तर मागच्या दारानं निघून गेली.

तुझी आजी जागी हुती. पेज घेऊन उशीला टेकून बसली हुती, बऱ्याच दिसांनी बसली हुती. आदिनाथ उंबऱ्यात आला. मला वाटलं आता हिचं तोंड उजळंल. तिनं त्याच्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं बघितलं. त्यो रानाच्या मोजनीचं सांगाया लागला, तर तिनं हात वर करून त्याला थांबवलं. म्हनली, पट्टा पडायच्या आधी तू आलास. म्हंजी माझं झालं, व्हय रे?

आदिनाथनं पिशवी खाली ठिवली. त्यो तिच्या पायापाशी बसला. तिनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला आन तुझी आई चांगुना तिकडं एकली हाय का म्हनून इचारलं. त्यानंतर तिनं पेज घेतली न्हाई. काल चमचा तोंडाशी नेला तर तोंड फिरवलं. नगरला जायचं नावबी काढत न्हाई.

तुजं चुकलं असं मी म्हनत न्हाई. लेकाचा हात तिच्या हातात हाय, ते तुज्यामुळं. पन बरोबर केलंस असंबी माज्यानं लिववत न्हाई.

आदिनाथ तुला फोन लावत हुता, मी लावू दिला न्हाई. म्हनलं मी लिवतो. टपालाला उशीर हुईल म्हनून नगरला निघालेल्या जीपवाल्याकडं हे देतोय. चांगुनाला आदिनाथ कळवील. पेपर ऱ्हाऊ दे. हे वाचून झालं की त्याच जीपमधी बस.

तुजा,
आप्पा