लाल मोटारीचं इंजिन

दादा,

तू प्रदर्शनातून येशील तेव्हा मी मावशीकडे असेन. जेवण फ्रिजमध्ये आहे, गरम करून घे.

त्या हातभर लांब मॉडेल मोटारीचं इंजिन मी वर्षभर चिमट्याने जोडलं, एकेक वायर ओवली. तू बाहेरून लाल रंग मारलास आणि पाटीवर फक्त स्वतःचं नाव घातलंस. वर क्लबात सगळ्यांना हसत सांगितलंस, "बहीण काय, नुसती धूळ पुसते."

म्हणून काल अगदी मनापासून पुसली. इंजिन माझ्या पर्समध्ये आहे. परीक्षक सगळ्यात आधी बॉनेटच उघडतात. निघण्याआधी तूही एकदा उघडून बघायचं होतंस.

इंजिनाच्या जागी त्यांना जे सापडलं, ते माझं धूळ पुसायचं फडकं. तेवढं धुवायला टाक.

छोटी