आमची हरकत हाय

जिनिव्हा, १२ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबांस,
दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि. तीस वर्षं मंठ्यात लोकांची पत्रं वाटलीत आणि तुम्हाला कुणी लिहिलं नाही, ही तुमची तक्रार आजपासून बंद.

इथं गरीब देशांना कायद्याचा सल्ला देणं हे माझं काम. नव्या व्यापार करारात आमची एकच ओळ होती: शेतकऱ्याने घरचं बी राखलं, शेजाऱ्याला दिलं, तर तो गुन्हा नाही. बड्या देशांना ती खुपते. इथला नियम असा की हजर असलेल्या कुणी हरकत घेतली नाही, तर मसुदा मंजूर. आमचे सतरा देश, प्रत्येकाची माणसं एक नाहीतर दोन, आणि बैठका एकाच वेळी चार खोल्यांत. परवा आम्ही दुसऱ्या खोलीत होतो, तेवढ्यात ओळ उडवली. मार्चमध्ये शेवटची मंजुरी. राग येतो आणि रडूही.

मोठ्या आईला जयभीम. माया असू द्यावी.
तुमची दीपमाला

गावाहून (ता. मंठा), ३ फेब्रुवारी

चि. दीपमालास,
जयभीम आणि मंगल कामना. पाकीट बावीस दिवसांनी पोचलं. माझ्या काळात असं चालत नव्हतं.

रडतेस काय? माझ्या आईची, झुंबरबाईची नात ना तू? सरकारी विहिरीची जागा ठरायची होती तेव्हा बैठक भर दुपारी चावडीत व्हायची. आपली माणसं कामावर. संध्याकाळी कळायचं की कुणाचीच हरकत नव्हती. मंग माझ्या आईने पाळी लावली. रोज एकाने मजुरी बुडवून चावडीत बसायचं, बाकीच्यांनी त्याच्या घरी भाकरी पोचवायची आणि दुसरा आल्याशिवाय त्याने उठायचं नाही. तिला अक्षर येत नव्हतं, पण सगळ्यांकडून एकच वाक्य घोकून घेतलं, की आमची हरकत हाय. विहीर आपल्या वस्तीत झाली. ठरावात मात्र तिचं नाव नाही. ‘एक महिला हजर’ एवढंच.

तुझे सतरा देश म्हणजे सतरा घरं समज. मोठी आई म्हणते की पोरगी वाळून गेली असंल, तिला जल्दी बोलवा.
जिवाला जप, लिहीत राहा.
तुझे मोठे बाबा, कडूबा

जिनिव्हा, २८ मार्च

ती. मोठे बाबांस,
सविनय जयभीम. जिंकलो, मोठे बाबा, जिंकलो!

चारही खोल्यांत पाळी लावली. बसणाऱ्याला बाकीच्यांनी डबा पोचवायचा. काल मंजुरी आयत्या वेळी सर्वांत लहान खोलीत आणली. तिथे एका चिमुकल्या बेटाची वकीलबाई सकाळपासून बसून होती. तिच्या बदलीचा माणूस आला नव्हता, म्हणून ती उठलीच नव्हती. अध्यक्षांनी हरकत विचारली आणि कागद आवरायलाही घेतले. ती उभी राहून म्हणाली की आमची हरकत आहे. पाच तास वाद झाला. ओळ परत आली, एक शब्दही न गळता! मी सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

पाळीचा तक्ता सोबत आहे. वरचं नाव बघा. सतरा देशांची माणसं रोज सकाळी विचारायची की आज झुंबरबाई कोण.

अशीच पाठीवर थाप असू द्या.
दीपमाला

गावाहून, १९ एप्रिल

चि. दीपमालास,
जयभीम. तुझं पत्र वस्तीत घरोघर नेऊन वाचलं. जन्मात इतकं चांगलं पत्र मी पोचवलं नव्हतं.

तक्ता मढवून विहिरीजवळ लावला. सतरा देशांच्या वर माझ्या आईचं नाव, आणि गावच्या ठरावात ती अजून ‘एक महिला’. एक मे रोजी ग्रामसभा आहे. ते नाव लिहिलं जाईपर्यंत आमची हरकत हाय. चावडीत बसायची पाळी लावली आहे. पहिली माझी.

मोठी आई भाकरी पोचवणार आहे, काळजी नसावी.
तुझे मोठे बाबा