फ्लोरिडाचा म्हणून दिलेला साप

आर्बोर्ग, मॅनिटोबा
१८ एप्रिल

प्रिय सिगी,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी वाच. मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. सरोवरावरचा बर्फ अजून हललेला नाही. आलुबुखाऱ्याचे थर लावून आपला विनार्तेर्ता केक केलाय आणि एकटीच खातेय.

लिहायचंय ते एका सापाबद्दल. शेजारी नवीन राहायला आलेल्या ओरेस्टने विनिपेगमधल्या कुणाकडून तरी एक पाळलेला गार्टर साप आणला. देणाऱ्याने तो फ्लोरिडाच्या किनाऱ्याचा म्हणून सांगितलं होतं. एका मुलखाचा नर दुसऱ्या मुलखाच्या मादीजवळ आपण साप पाळणारे सोडत नाही, म्हणून ओरेस्ट माझ्याकडे आला. "हिल्डा, रंग बघून सांग बाई, मादी कुठली शोधू?" अंगाच्या बाजू निळसर दिसल्या, त्या किनाऱ्यावरच्या सापांच्या असतात तशा. "फ्लोरिडाचाच," मी ठसक्यात सांगितलं आणि चार दिवस ठेवून घेतला.

फजिती झाली रे! तो कात टाकायला आला होता. तेव्हा सगळेच निळसर, धुरकट दिसतात, डोळेसुद्धा दुधाळ होतात. आणि मी चष्मा न लावता निकाल देऊन मोकळी! कात उतरली तशी खवल्यांमधून लालभडक नक्षी वर आली. तिकडच्यांना बाजूंना असं लाल नसतं. हा आपल्या दोन सरोवरांमधल्या मुलखाचा. त्यात मानेजवळ पिवळा पट्टा तुटलेला, बाबांच्या जमिनीतल्या खड्ड्यात हिवाळा काढणाऱ्या सापांसारखा. तिथली पिल्लं घरी वाढवली ती आपण दोघांनीच.

ओरेस्टला खोदून विचारलं. म्हणाला, "उंच माणूस. घरातही लोकरी टोपी, भुवया गेलेल्या. औषधांपुढे याचं करणं होत नाही म्हणाला. मी आर्बोर्गचा म्हटल्यावर गडबडला, आणि मग ते फ्लोरिडाचं काढलं."

सिगी, तू फ्लोरिडा कधी पाहिलंस रे? आजार माझ्यापासून लपवायला हे सुचलं तुला! आधी खूप संतापले, मग पोटभर रडले. मी जमीन विकू दिली नाही म्हणून तू बोलणं टाकलंस. ते भांडण राहू दे, बरा झालास की पुन्हा भांडू.

बाबांची खोली गरम करून ठेवलीय. उपचारांसाठी विनिपेगला ने-आण ओरेस्ट करेल. "माझी गाडी रिकामीच धावते," म्हणतो. तुझा पत्ता त्यानेच दिला. साप मात्र मी त्याला परत दिलेला नाही. माझ्याकडे खड्ड्यातलीच मादी आहे. उन्हाळा सरताना पिल्लं होतील, आणि त्यांना गांडुळं बारीक चिरून द्यायला माझी बोटं आता चालत नाहीत. माणूस हवाय मला.

मंगळवारी येतोस का, असं मी विचारत नाहीये.

मंगळवारी तुझ्या दारात गाडी घेऊन उभी असलेली,
तुझी हट्टी बहीण,
हिल्डा