डबे आणि भोंगा

दिघा, ४ मार्च १९८४

ती. आक्का,
सप्रेम जयभीम, वि. वि.

वाशीच्या सोडतीत आपल्याला घर लागलं! एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतःचा नळ. पहिला हप्ता तीन हजार, मे महिना संपायच्या आत. तारीख चुकली की घर यादीतल्या पुढच्या माणसाला. काळजी करू नकोस, पैसे जवळजवळ जमलेत.

पण घरात मी एक क्रांती केली आहे, ती ऐक. तुझी भावजय पगार झाला की नोटा डब्यांत वाटते. ज्वारीच्या डब्यात घराचे, डाळीच्या डब्यात रेशनचे, हळदीच्या डब्यात दवाखान्याचे, हिंगाच्या डबीत पाहुण्यांचे. परवा ठाण्याच्या सभेला जायला माझ्याकडे पाच रुपये कमी पडले. ज्वारीच्या डब्यात नोटांची चळत. पण बाईसाहेब म्हणाल्या की ते घराचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि शेजारच्या मालतीबाईंकडून पाच रुपये उसने आणून दिले! घरात पैसे असताना उसने!

मी उभ्या उभ्या अर्धा तास सुनावलं. ज्वारीच्या रुपयाने हळदीच्या रुपयाला शिवायचं नाही, ही कुठली रीत? ज्या चातुर्वर्ण्यावर आपण थुंकलो, ते माझ्याच फळीवर चार डबे मांडून बसलंय? रुपयाला जात नसते. पैसा हा पैसा! टाळ्या पडल्या नाहीत, भाजी मात्र करपली.

आता सगळ्या नोटा एकाच पत्र्याच्या पेटीत. पेटीचं नाव समता.

माया कमी करू नकोस. करायचीच तर जयमालावरची कर.

तुझा,
धर्मराज

सेलू, १५ मार्च

चि. धर्मराजास आक्काचे आशीर्वाद आणि जयभीम.

घराचं वाचून डोळे भरले. आपल्या बापानं सारा जन्म दुसऱ्याच्या वळचणीला काढला. त्याच्या लेकाच्या दारावर लेकाचं नाव लागणार, हे मला मरायच्या आधी बघायचं आहे.

पेटीचं मात्र पटलं नाही. भाषण चांगलं आहे, सभेत कर. रुपयाला जात नसेल, पण खर्च करणाऱ्याला मन असतं. लहानपणी आई जत्रेला जाताना तुझ्या हातावर चार आणे ठेवी. तू सगळे उडवून यायचास. त्यातलाच एक आणा तिनं सदऱ्याच्या टोकाला गाठ मारून दिला, की तो तसाच घरी यायचा. गाठ सोडायला वेळ लागतो बाबा, आणि तेवढ्यात माणसाला लाज वाटते. जयमाला त्या डब्यांत नुसते पैसे ठेवत नव्हती.

शहाण्यासारखा वाग. शिवणाचं मशीन बरं चाललंय. तिला माझा जयभीम, तुला कानपिचकी.

आक्का

दिघा, २० एप्रिल

ती. आक्कांना जयमालाचा जयभीम.

यांना न सांगता लिहिते आहे. पेटी उघडली की ढीग दिसतो आणि आपण श्रीमंत झालो असं वाटतं. यांना तसं वाटलं आणि यांनी भोंगा आणला. माइक, बॅटरी सगळ्यासकट, जुना, हजार रुपयांचा. म्हणाले की भाड्याच्या भोंग्यावर स्वातंत्र्याचं बोलणं हे ढोंग आहे. खोटं कशाला बोलू, त्याच ढिगाकडे बघून मीही नायलॉनची साडी घेतली. ज्वारीत हात घालावा लागला असता, तर घेतली नसती.

काल यांनी पैसे मोजले. हप्त्याला अकराशे कमी. दोनदा मोजले आणि गप्प बसले. आक्का, हे गप्प बसले! मी घाबरले.

भोंगा विकला तर निम्मेही येत नाहीत. पण लग्नसराई आहे. दिघ्यापासून महापेपर्यंत मांडवच मांडव आहेत. भोंगा भाड्याने द्यायचा, असं मी ठरवलंय. हे ऐकणार नाहीत. तुमचा शब्द ऐकतील.

तुमच्या भरवशावर असलेली,
जयमाला

सेलू, २७ एप्रिल

चि. धर्मराज,

भोंगा भाड्यानं दे. नाही दिलास तर मी येईन आणि त्याच भोंग्यावरून तुझं लहानपण साऱ्या दिघ्याला ऐकवीन. ओल्या अंथरुणापासून सुरुवात करीन.

आशीर्वाद आहेतच.
आक्का

दिघा, २ जून

ती. आक्का,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हप्ता भरला, किल्लीही मिळाली! पावती उशाशी घेऊन झोपतो.

भोंगा परक्याच्या हाती देववेना, म्हणून सोबत मीच गेलो. ज्या माइकवरून जग उलथवायचं होतं, त्यावरून महिनाभर पुकारलं की दुसरी पंगत बसते आहे आणि मुलीच्या मामांनी मांडवात यावं. एका लग्नात राहवेना, हुंड्यावर बोलायला उभा राहिलो. पाऊण तासाने नवरदेवाच्या बापाने भाडं दिलं, आणि भाषण थांबवण्याचे पंचवीस वेगळे. त्यानंतर मी प्रत्येक मांडवात हुंड्यावर बोललो. तत्त्वही राहिलं, हप्ताही निघाला. जयमाला दारातच उभी असे. पैसे माझ्या हातातून थेट ज्वारीत.

मी विचार बदललेला नाही, पुढे नेला आहे. डबे म्हणजे जाती नव्हेत, आक्का. त्या राखीव जागा आहेत! खुल्या पेटीत दांडगा खर्च धक्का मारून पुढे बसतो. माझा भोंगा ओरडू शकत होता, घराला तोंड नव्हतं. ज्याला तोंड नाही त्याची जागा राखावी लागते, हे मी वीस वर्षं गावोगाव सांगत आलो आणि माझ्याच फळीवर मला दिसलं नाही! हे जयमालाला ऐकवलं, तर तिने विचारलं की माइक चालू राहिलाय का.

पुढच्या रविवारी नव्या घरात बुद्धवंदना आहे. आपल्या सेलूचा गंगाराम गावी येतोय, त्याच्या हाती पन्नासाची नोट पाठवतो. हिंगाच्या डबीतली आहे, तुझ्या एसटीच्या तिकिटाची. दुसऱ्या कशाला मोडू नकोस.

वाट बघणारा,
धर्मराज

सेलू, ६ जून

चि. धर्मराज व जयमालास आशीर्वाद.

नोट पोचली. गंगारामाच्या आधी हिंगाचा वास पोचला. शुक्रवारच्या गाडीनं येते.

तिकीट मात्र शिवणाच्या पैशातून काढलं. तुझी नोट मोडवेना. भावाचं स्वतःचं घर झाल्यावर आलेली पहिली नोट. कंडक्टरच्या हातात कशी देऊ? पैसा हा पैसाच असता तर दिली असती. साखरेच्या डब्यात ठेवलीय, तुझ्या पुढच्या क्रांतीसाठी राखून.

भोंगा दारात लावून ठेवू नका. मला घर सापडेल.

आक्का