भाताखालची चटणी

प्रिय वहिनी,

तापाचं निमित्त होऊन तू गेलीस, त्याला नऊ वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला चार ओळी लिहायचं धाडस झालं नाही. आज लिहितेय, कारण तुझी स्वाती आता तुझ्यासारखीच भिंतीला टेकून बसते. "आत्या, काही न करताच अंग ठणकतंय गं." आणि माझी आई, तुझी सासू, म्हणते, "आईवर गेलीया. सोंग हाय सगळं!"

आई असं बोलते, त्याला कारण मी आहे.

तो रविवार आठवतो? मी माहेरपणाला आले होते. घरात मटण, पाहुणे. तू नेहमीसारखी ताकभात घेऊन कडेला बसलीस. तिखटानं पोट बिघडतं आणि मग सांधे धरतात, असं तू सांगायचीस. पोटाचा नि सांध्यांचा काय संबंध? आम्ही हसायचो. "कोल्हापूरची सून आन् ताकभात! पावणं, हिला रस्सा वाढा की!"

मला तुझं खोटं पकडायचं होतं. तुझ्या भाताखाली मी चमचाभर कांदा-लसूण चटणी दडवली.

दुसऱ्या घासाला तू माझ्याकडे पाहिलंस. ताट सारायचं होतंस गं! चारचौघांत नणंदेची लाज जाऊ नये म्हणून सगळा भात संपवलास.

दुसऱ्या दिवशी आई पाहुण्यांना घेऊन नृसिंहवाडीला गेली. तुला पाण्याचा तांब्या उचलवत नव्हता. ते मी एकटीनं पाहिलं. आई परतल्यावर मात्र मी म्हणाले, "चटणी खाल्ली की तिनं. काही झालं नाही." त्या दिवसापासून तू सोंगाडी ठरलीस. चटणी मी दडवली होती, हे तू कुणाला सांगितलं नाहीस. मीही.

परवा स्वातीला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, आतड्याचं अस्तर काय आत घ्यायचं, काय अडवायचं ते बघतं. काहींचं ते सैल पडतं, नको ते आत झिरपतं. अशा दुखण्याशी, थकव्याशी त्याचा संबंध असू शकतो. "अजून पुरतं कळलेलं नाही. पण पोरगी खोटं बोलत नाही."

एवढं एक वाक्य तुझ्या वाट्याला का आलं नाही? मी का नाही म्हटलं?

येत्या रविवारी सगळे जेवायला बसले, की आईसमोर ती चटणी आणि तो तांब्या, दोन्ही सांगणार आहे. ती काय बोलायची ते बोलू दे. स्वातीचं ताट मी तिच्याच डोळ्यांदेखत वाढीन. तिच्या भाताखाली फक्त ताट असेल, वहिनी.

तुझी नणंद,
कुसुम