ठकुबाईचा अंगठा

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

गाडी पाचला येणार होती, सव्वासहाला आली! "टायर बघत होतो, अक्का," — इति महांतेश. टायर कसले बघतोय, झोपला होता मेला. तोवर बेंगळुरात चामराजपेटच्या नाक्यावर बॅगेवर बसून माझ्या दोन कॉफ्या झाल्या. भाची भव्या सोडायला आली होती. म्हणते, "मावशी, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, तू जेलला जातेस." जाते. काशीत माझ्यावाचून कुणाचं अडलेलं नाही.

आम्ही तिघंच. महांतेश ड्रायव्हर, बेळगावकडचा. यशोवर्धन आमच्या मंडळाचा वकील — पुण्याचा, पस्तिशीचा, गुणी पोरगा, पण दर तिसरा शब्द इंग्रजी. आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधलेली. कैद्यांची पत्रं लिहून द्यायची, अर्ज भरायचे, हे आमचं काम. बेळगावच्या तुरुंगात मराठी बोलणारे बरेच, म्हणून दर खेपेला मला नेतात.

यावेळी मात्र काम एकाच माणसाचं. शिवाप्पा, वय सहासष्ट. चौदा वर्षांपूर्वी एका लग्नाच्या वरातीत दारू पिऊन भांडला आणि शेजारच्या परसूच्या डोक्यात दगड घातला. परसू गेला. आता शिवाप्पाला शिक्षेत सूट मिळू शकते. त्यासाठी एक फॉर्म हवा — घरच्यांनी "आम्ही याला घरात घेतो" म्हणून अंगठा द्यायचा, आणि खाली गावातल्या एकाने "हरकत नाही" म्हणून. तीस तारखेच्या आत. नाहीतर पुढची बैठक दोन वर्षांनी, आणि शिवाप्पाचं छातीचं दुखणं पाहता तो दोन वर्षं काढेल असं डॉक्टरलाही वाटत नाही.

घरी फक्त बायको, ठकुबाई. जूनमधल्या पत्राला तिचं उत्तर नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

कालचा रस्ता! हमरस्त्यावर काम चाललंय म्हणून आडवाटेने घातलं. चार तास नुसते खड्डे. कंबर म्हणून काही शिल्लक नाही. महांतेश दर खड्ड्याला "स्वल्प सांभाळा, अक्का" म्हणतो — खड्डा होऊन गेल्यावर.

सकाळी तुरुंगात गेलो. शिवाप्पा वाळलाय. मला बघून उठून उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. कमरेच्या पिशवीतून कागदाचा एक तुकडा काढून दाखवला — नंबर सात.

ही युक्ती माझीच. पत्र खरंच टपालात पडतं का, याची कैद्यांना खात्री नसते. म्हणून जूनमध्ये मी प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात नंबर घातला आणि तेवढा कोपरा फाडून ज्याचा त्याला पावती म्हणून दिला. एकतीस वर्षं बँकेच्या खिडकीत टोकनं दिली, हात तसाच चालतो. चौदा पत्रं, चौदा कोपरे. "ब्रिलियंट, अक्का!" यशोवर्धन म्हणाला होता. मीही जरा फुगलेच होते.

"पत्र गेलं ते गेलंच," शिवाप्पा म्हणाला. "ठकी शिमग्याला आली होती. वर्षातनं दोनदा यायची, एसटीनं, डबा घेऊन. पत्रात मी लिवलं, सुटायची वेळ आलीय, ये. तवापासनं आलीच न्हाई. सोडलं तिनं मला."

मग अर्ज परत ढकलला. "बाहेर येऊन कुणाच्या दारात बसू, ताई?"

तुझ्याच दारात बसशील, म्हटलं मी. उद्या तिच्या गावी जातोय. ऐटीत सांगून आले.

१३ नोव्हेंबर, बुधवार

आजचं आजच लिहून काढते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

तोरणगाळ. खानापूरच्या पुढे जंगलात. मोरी वाहून गेलेली, गाडी तिथेच सोडून तीन किलोमीटर चालत. गुडघा बोंबलत होता. अकराच्या सुमाराला घर सापडलं. अंगणात एक बाई नाचणी वाळत घालत होती. कपाळ कोरं, हात मोकळे. मला वाटलं, घर चुकलं.

"ठकुबाई?"

"व्हय, मीच." आमच्याकडे, यशोवर्धनच्या फाइलकडे पाहिलं. "तुमी जेलची माणसं? त्येंची कापडं आणलायसा?"

"कुणाचे कपडे?" यशोवर्धन.

"मालकांची. माणूस गेल्यावर सामान देत्यात म्हणं."

"गेल्यावर? अहो, ही इज अलाइव्ह! जिवंत आहेत ते! काल भेटलोय आम्ही!"

ती मटकन खाली बसली. नाचणीतच. आम्ही पाणी दिलं, तेही प्याली नाही. मग माझ्याकडे बघून बोलली.

"कोपरा फाटलेलं पत्र आलं की, बाई."

कुणी गेल्याचं कळवायचं असलं की पत्राचा कोपरा फाडतात.

जेलचा शिक्का असलेलं पाकीट, आत कोपरा फाडलेला कागद. हिला वाचता येत नाही. शेजारची थोरली जाऊ आली, कोपरा बघितला आणि तिनं गळा काढला. असलं पत्र घरात न्यायचं नसतं. वाचायचं तरी काय त्यात? तिनं ते तसंच फाडून ओढ्यात सोडलं. ठकुबाईनं अंघोळ केली, बांगड्या फोडल्या. जेलात मेलेल्याला सरकारच अग्नी देतं, असं कुणीसं म्हणालं, म्हणून चौकशीलाही कुणी गेलं नाही. दहावं केलं. तेरावं केलं.

मला माहीत होतं! चामराजपेटच्या घरी आत्या गेल्याचं असंच कार्ड आलं होतं. आईने उंबऱ्याबाहेर वाचून तिथेच फाडलं, आणि आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून पाणी. आठ वर्षांची होते, तरी कोपरा पाहिल्याबरोबर समजले होते. आणि बासष्टाव्या वर्षी एका दुपारी चौदा कोपरे टराटरा फाडले, वर शाबासकी घेतली.

मी तिचे पाय धरले. पत्र मी लिहिलं, कोपरा मी फाडला, सांगून टाकलं. "तुमी मोठ्या, असं करू नगा," म्हणून तिनं मलाच उठवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वाटलं, आता तरी ती हसेल. माणूस जिवंत आहे, बाई! पण ती हसली नाही. अंगणापलीकडच्या घराकडे बघत राहिली.

"ते परसूचं घर," म्हणाली. "त्याची आई हाय. चौदा वर्सं त्या म्हातारीनं माझ्याकडं तोंड केलं न्हाई. म्या पाण्याला गेले की घागर घेऊन माघारी जायची. गावानं माझ्या दारात हळदीकुंकवाला पाय ठेवला न्हाई. आणि हे गेल्याचं कळलं, तशी तिसऱ्या दिवशी तीच आली. भाकरी-पिठलं घेऊन. म्हणाली, गेला, संपलं. तेराव्याला माझ्यात जेवली. आता रोज येती. माझी ती अन् तिची मी. दुसरं कोण हाय आमाला?"

यशोवर्धनने फॉर्म काढला होता. तो हातातच राहिला.

"तिनं मेलेल्याला माफ केलंय, बाई. जित्याला न्हाई. आता म्या तिला काय सांगू?"

अंगठा दिला नाही. फॉर्म मात्र ठेवून घेतला, घडी करून फळीवर. खालच्या ओळीत गावातलं कोण अंगठा देणार, तेही तिनं विचारलं नाही. म्हातारी तेवढ्यात दारात आली आणि आमच्याकडे टक लावून बघत राहिली. आम्ही नमस्कार करून निघालो. 

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर लॉजवर फोन. चौदापैकी नऊ घरांची उत्तरं आधीच आलेली. राहिली पाच. ठकुबाई एक. दोघं फोनवर सापडले, ठीक आहेत. दोन घरं बेंगळुरातली, फोन बंद.

यशोवर्धन म्हणतो, "अक्का, यू मेंट वेल." चांगल्या मनाने केलं म्हणून त्या बाईच्या बांगड्या जोडल्या जाणार आहेत का? ओरडलेच त्याच्यावर. मग जेवताना माझ्या ताटात त्याने गुपचूप आपली जिलबी ठेवली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

शिवाप्पाला सांगितलं. सगळं. माझी चूक आधी.

तो माझ्यावर रागावला नाही. कुणीच रागावत नाही, काय करू! नंबर सातचा तुकडा काढून उलटसुलट करून पाहिला. स्वतःशीच म्हणाला, "व्हय की. फाटलेलाच हाय. माझ्याबी ध्यानात आलं न्हाई."

मग विचारलं, "तेराव्याला कोण कोण आलतं?"

सांगितलं.

"परसूची आई? माझ्या घरात जेवली?"

हो म्हटलं. त्याने तीनदा विचारलं, मी तीनदा हो म्हटलं. चौथ्यांदा विचारताना त्याला रडू फुटलं. चौदा वर्षांत त्याला रडताना पाहिलं नाही, असं तिथला शिपाई नंतर म्हणाला.

डोळे पुसून म्हणाला, "मग ठकीला अंगठा मागू नगा. म्या मेलेलाच बरा. एक म्हातारी एकदा जेवली, तिचा घास परत नगो काढाय."

यशोवर्धनने अर्ज मागे घ्यायला नकार दिला. तीस तारखेपर्यंत काही ठरवायचं नाही, म्हणाला. पहिल्यांदाच अख्खं वाक्य मराठीत बोलला.

१८ नोव्हेंबर, सोमवार

बेंगळूर. सकाळी शिवाजीनगरला, दुपारी के. आर. पुरमला. शिवाजीनगरला त्या कैद्याचा भाऊ वर्कशॉपमध्ये भेटला. "कोपरा? उंदरानं खाल्ला वाटलं, मॅडम!" खो खो हसला. के. आर. पुरमच्या बाईने तर पत्र देवापुढे ठेवलंय.

म्हणजे चौदातलं एकच घर. एक काय कमी झालं?

२३ नोव्हेंबर, शनिवार

तोरणगाळला फोन लागत नाही. भव्या म्हणते, "जेव." जेवले नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मंडळाच्या बैठकीत माझी चूक उभी राहून सांगितली. पावतीसाठी आता वेगळा कागद. सगळे म्हणाले, सरी सरी, असू दे, अक्का, होतं असं. नाही होत. मी केलं म्हणून झालं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

आत्ता तुरुंगाच्या वेल्फेअर ऑफिसरचा फोन आला. ठकुबाई सकाळच्या एसटीने आली. कपाळ कोरंच होतं. फॉर्मवर अंगठा दिला, नवऱ्याला अर्धा तास भेटली.

बरोबर एक म्हातारी होती. ती भेटायला आत गेली नाही, फाटकाबाहेर बसून राहिली. निघताना मात्र ऑफिसात आली, कागद मागितला आणि "हरकत नाही"च्या ओळीखाली आपला अंगठा उठवला. ऑफिसरने नाव विचारलं.

"परसूची आई, असंच लिवा," म्हणाली.