लाल पंपाचा रिकामा रकाना

६ एप्रिल

झालं एकदाचं! पाणी तपासणीची माहिती आता आमची प्रयोगशाळा आणि भूजल खात्याचे लोक एकाच तक्त्यात भरणार. आजवर आम्ही लिहायचो "मारुतीजवळचा हातपंप", ते त्याच पंपाला नंबर द्यायचे. पंप एक, कागदावर दोन. हसावं की रडावं.

बैठकीत एक नियम मी हट्टानं घालून घेतला— नायट्रेटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. आळशी लोकांना रिकामी जागा फार आवडते. आमच्या प्रभाकरराव साहेबांनी मान डोलावली. चहा मात्र गार होता.

९ एप्रिल

तक्त्यावरून नकाशा तयार झाला. पिण्याजोगं ते हिरवं, बाकी लाल. आधी आपलं गाव शोधलं— कोण नाही शोधणार! आईच्या दारासमोरचा हातपंप हिरवा.

मी शाळेत होते तेव्हा बाजूच्या उकिरड्यामुळे त्यात नायट्रेट जास्त निघालं आणि आमच्याच प्रयोगशाळेच्या माणसांनी त्याला लाल रंग फासला. तेव्हापासून आई शाळेमागच्या विहिरीवरून पाणी आणते. नळ आला, पण उन्हाळ्यात कोरडा. गुडघे गेले तरी तिची खेप सुटली नाही.

१० एप्रिल

कळलं. लाल पंपाचं पाणी आमच्याकडे कुणी तपासतच नाही. वाईट ते वाईटच, बाटली कशाला वाया घालवायची— ही आमची जुनी रीत. म्हणून आकडाच नाही. रिकामं चालत नाही, म्हणून भूजलच्या अंकुशनं तिथे शून्य टाकलं. माझ्याच नियमानं! तालुक्यातले सगळे लाल पंप आता नकाशावर सर्वांत शुद्ध.

साहेबांकडे गेले. "तपासलं नाही" असं लिहायची सोय करा, त्याला करडा ठिपका द्या, म्हटलं.

"मॅडम, नकाशा वरती गेला आता. इतके करडे ठिपके दिसले तर विचारतीन, तुमी करून काय राह्यले होते?"

खरंच, काय करत होतो आम्ही?

१३ एप्रिल

अंकुश माझ्या बाजूनं बोलला. साहेब चिडले, पण बदलावर सही केली. नकाशा बराच करडा झाला. लाज वाटते. पण खोटा तरी नाही.

१४ एप्रिल

जयंतीची सुट्टी. मी राहते त्या पिपरीहून सकाळीच गावी. वंदना झाली, मिरवणुकीआधी बाटली घेऊन पंपावर गेले. आई विहिरीवरून येत होती, डोक्यावर भरलेला हंडा.

"त्याचं पानी काऊन भरून राह्यली वो? ते तर खराब हाये."

तपासायला, म्हटलं.

"तपासून काय होते? बाजूचा उकिरडा कवाचाच उठवला, पन रंग तसाच हाये."

हंडा मी घेते म्हटलं. दिला नाही. तिच्या मागे मागे चालत घरी आले, आणि फार वाईट वाटलं.

१७ एप्रिल

निकालावर विश्वास बसेना. दुसरी बाटली मागवली.

२१ एप्रिल

दोन्हीही चांगल्या. पाणी पिण्याजोगं आहे. कधीपासून, ते कुणालाच सांगता येणार नाही. आईला फोन केला. ती म्हणाली, "मंग मी इतके वर्स पानी काऊन वाह्यलं?"